साठी, बुद्धी आणि दहावी आवृत्ती

‘साठी बुद्धी नाठी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घरातील एखादे वडीलधारे माणूस विसरभोळेपणाने वागले, की ती थट्टेने उच्चारली जाते आणि थट्टेतच विरून जाते. परंतु या म्हणीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. म्हणीप्रमाणे साठीनंतर बुद्धी पळून जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट घडते. बुद्धी पळत नाही, ती बसते. तारुण्यात जी दारोदार हिंडत होती, प्रत्येक गोष्टीचे कारण विचारीत होती, ती एका ठिकाणी बैठक मारते, आपल्या चार मतांची उशी करते आणि त्यावर रेलून राहते. स्मरण शाबूत असते, वाणी शाबूत असते, किंबहुना वादात ती पूर्वीपेक्षा अधिक चपळही असते. हरवते ती फक्त ‘माझे चुकले असेल काय?’ असे स्वतःस विचारण्याची सवय.

हे असेच घडले पाहिजे काय, वयाचा तो अटळ नियमच आहे काय, याचा विचार करण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील एका विद्वानाचे उदाहरण मला फार उद्बोधक वाटते. चार्ल्स डार्विन याने आपल्या आत्मचरित्रात एक आठवण नमूद केली आहे. जुन्या पिढीतील भूगर्भशास्त्रज्ञांचा नव्या कल्पनांना होणारा विरोध पाहून तो आपल्या वडीलमित्राला एकदा म्हणाला होता, की प्रत्येक शास्त्रज्ञ साठाव्या वर्षी मेला तर किती बरे होईल. कारण त्यानंतर तो प्रत्येक नव्या सिद्धांताला विरोधच करणार. पुढे अनेक वर्षांनी त्या मित्राने स्वतःचे मत बदलले, तेव्हा त्याने डार्विनला या बोलण्याची आठवण दिली आणि आता तरी आपल्याला जगण्याची परवानगी मिळेल अशी आशा व्यक्त केली. हा मित्र म्हणजे सर चार्ल्स लायेल.

लायेलचा जन्म १७९७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. शिक्षणाने तो बॅरिस्टर. परंतु डोळे अधू असल्यामुळे आणि मनाचा ओढा दगडमातीकडे असल्यामुळे त्याने वकिली सोडून भूगर्भशास्त्राची कास धरली. १८३० ते १८३३ या काळात त्याचा ‘भूगर्भशास्त्राची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पृथ्वीचे आजचे रूप महाप्रलयांनी व आकस्मिक उत्पातांनी घडले, असे तेव्हा अनेक मोठे विद्वान मानीत. लायेलने सांगितले, की पाऊस, नद्या, लाटा, भूकंप, ज्वालामुखी ही जी कारणे आज आपल्या डोळ्यांसमोर काम करीत आहेत, तीच पुरेशी आहेत. त्यांना फक्त अपरंपार काळ द्या. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी इटलीतील पोत्सुओली येथील एका रोमन वास्तूच्या तीन स्तंभांचे चित्र आहे. या स्तंभांच्या मध्यभागी समुद्रातील शिंपल्यांच्या जातीच्या जीवांनी पोखरलेली भोके दिसतात. याचा अर्थ असा, की मनुष्याने उभारलेले हे स्तंभ जमिनीसह समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले, आणि तरीही उभे राहिले. कोणताही प्रलय न होता भूमी खालीवर होते, याचा हा साक्षीदारच होता.

हा ग्रंथ तरुण डार्विनच्या हाती पडला. १८३१ च्या डिसेंबरात ‘बीगल’ जहाजावर निघताना त्याच्याजवळ त्याचा पहिला खंड होता. जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने तो त्याला दिला होता. डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी तर त्याला बजावले होते, की हा ग्रंथ अवश्य वाच, पण त्यातील मते स्वीकारू नकोस! दुसरा खंड त्याला दक्षिण अमेरिकेत मॉन्टेव्हिडिओ येथे मिळाला. लायेलच्या दृष्टीने जग पाहण्यास डार्विन याच प्रवासात शिकला. शिष्याला दृष्टी गुरूने दिली. परंतु त्या दृष्टीने शिष्याला जे दिसले, ते पाहण्याची गुरूची तयारी नव्हती.

कारण त्या दुसऱ्या खंडातच लायेलने जीवजाती बदलतात या कल्पनेचे सविस्तर खंडन केले होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने ही कल्पना मांडली होती. पर्वत हळूहळू बदलतात हे लायेलला मान्य होते. प्राणी बदलतात हे मान्य नव्हते. पृथ्वीचा इतिहास एका दिशेने पुढे जाणारा नसून चक्राप्रमाणे फिरणारा आहे, अशी त्याची धारणा होती. हवामान पुन्हा पूर्वीसारखे झाले तर नष्ट झालेले महाकाय सरपटणारे प्राणी पुन्हा अवतरतील, असेही त्याने सुचविले होते. त्यावर दे ला बेश या भूगर्भशास्त्रज्ञाने १८३० साली एक व्यंगचित्र काढले. त्यात भविष्यकाळातील एक मत्स्यसरट प्राध्यापक आपल्या सरट विद्यार्थ्यांना मानवाच्या कवटीवर व्याख्यान देत आहे! परंतु लायेलच्या या विरोधाच्या मुळाशी केवळ शास्त्र नव्हते. प्राणी जर बदलत आले असतील, तर मनुष्यही त्या साखळीतला एक दुवा ठरतो. मग त्याची प्रतिष्ठा, त्याचा आत्मा, सृष्टीतील त्याचे वेगळे स्थान यांचे काय? हा प्रश्न त्याला अस्वस्थ करी. त्याच्या खाजगी टिपणवह्यांतून ही अस्वस्थता स्पष्ट दिसते.

१८५५ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने बोर्निओ बेटावरील सारावाक येथून लिहिलेला एक निबंध लायेलच्या वाचनात आला. नवी जीवजाती नेहमी आपल्याशी निकटचे साम्य असलेल्या पूर्वीच्या जातीच्या जवळच, त्याच प्रदेशात व त्याच काळात, उद्भवते, असे त्या निबंधात दाखविले होते. निबंध वाचून लायेलने काय केले? त्याने त्याचे खंडन लिहिले नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने जीवजातींच्या प्रश्नासाठी एक स्वतंत्र वही उघडली. तेव्हा त्याचे वय ५८ होते. कीर्ती, ‘सर’ ही पदवी, विद्वत्सभांचे मान, सर्व काही पदरात पडले होते. ज्या प्रश्नाचा निकाल आपण वीस वर्षांपूर्वी जाहीरपणे दिला, तो प्रश्न अशा वयात आपणच पुन्हा उघडणे, आणि तेही कोणी भाग पाडले नसताना, ही साधी गोष्ट नव्हे.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लायेल डार्विनच्या घरी पाहुणा म्हणून गेला असता डार्विनने त्याला नैसर्गिक निवडीची आपली उपपत्ती समजावून सांगितली. लायेलला ती पटली नाही. पण त्याने डार्विनला आग्रह केला, की दुसऱ्या कोणी आधी प्रसिद्ध करण्यापूर्वी तुम्ही हे प्रसिद्ध करा. त्याची ही भीती खरी ठरली. १८५८ च्या जूनमध्ये वॉलेसचा दुसरा निबंध डार्विनकडे आला आणि त्यात तीच उपपत्ती होती. तेव्हा लायेल व वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर या दोघांनी मध्यस्थी करून १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र वाचले जाईल अशी व्यवस्था केली. जो सिद्धांत आपल्याला मान्य नाही, ज्यामुळे आपल्याच ग्रंथाचा एक खंड कालबाह्य होणार आहे, त्याला जगापुढे आणण्यासाठी लायेलने आपली प्रतिष्ठा खर्ची घातली. मतभेद आणि जिज्ञासा एका मनात नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१८५९ च्या नोव्हेंबरात डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लायेलच्या आणखी एका जुन्या मताला धक्का बसला होता. मनुष्य पृथ्वीवर अगदी अलीकडे आला, असे तो मानीत असे. फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर मानवनिर्मित गारगोटीची हत्यारे सापडल्याची वार्ता आली, तेव्हा ६१ वर्षांचा हा गृहस्थ स्वतः तेथे गेला, मातीचे थर पाहिले आणि त्याच सप्टेंबरात अ‍ॅबर्डीन येथील विद्वत्परिषदेत त्याने मानवाचे प्राचीनत्व जाहीरपणे मान्य केले. १८६३ साली ‘मानवाच्या प्राचीनत्वाचे भूगर्भशास्त्रीय पुरावे’ हा त्याचा ग्रंथ बाहेर पडला आणि एका वर्षात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. योगायोग असा, की त्याच वर्षी, ३० मे १८६३ रोजी, भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट याला मद्रासजवळील पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार सापडले. आपल्या देशातील आदिमानवाच्या संशोधनाचा पाया तेथे घातला गेला. फूटने त्याच वर्षी शोधलेल्या अत्तिरामपाक्कम येथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लक्ष वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. युरोपातील एका नदीकाठी उघडलेला प्रश्न असा आपल्याही अंगणात येऊन पोहोचला होता.

परंतु १८६३ च्या या ग्रंथाने डार्विन मात्र निराश झाला. लायेलने उत्क्रांतिवादाची बाजू उत्तम रीतीने मांडली होती, पण स्वतःचा निर्णय दिला नव्हता. डार्विनने ही निराशा त्याला कळविली. त्यावर लायेलने पत्रातून दिलेले उत्तर अत्यंत प्रामाणिक आहे. त्याचा आशय असा, की माझी खात्री आज जेथवर पोहोचली आहे तेथवर मी बोललो आहे. मनुष्याच्या बाबतीत तर माझ्या भावनेच्या पुढे जाऊन बोललो आहे. सुखाची श्रद्धा सोडताना मनुष्याला काय सोसावे लागते, ते या उत्तरात आहे. पुरावा बुद्धीला पटतो, पण भावना मागे राहते. जन्मभर ज्या समजुतीच्या आश्रयाने मन राहिले, ती एका युक्तिवादाने सुटत नाही. बहुतेक माणसे अशा वेळी भावनेच्या सोयीसाठी बुद्धीला मागे ओढतात. लायेलने भावनेला सवड दिली, पण बुद्धीला मागे येऊ दिले नाही.

१८६४ साली रॉयल सोसायटीने डार्विनला कॉप्ली पदक दिले. डार्विन आजारी असल्यामुळे समारंभाला उपस्थित नव्हता. त्या प्रसंगीच्या भोजनोत्तर भाषणात लायेलने आपला झुकलेला कौल प्रथमच जाहीर केला. पुढे १८६७ व १८६८ या वर्षी त्याच्या मूळ ग्रंथाची दहावी आवृत्ती दोन खंडांत निघाली. नववी आवृत्ती १८५३ साली निघाली होती; मध्ये चौदा वर्षे गेली होती. या आवृत्तीत त्याने जीवजातींवरील प्रकरणे नव्याने लिहिली आणि ज्या मताचे आपण दीर्घ काळ खंडन करीत आलो ते मत स्वीकारले. या वेळी तो ७० वर्षांचा होता. दृष्टी इतकी मंद झाली होती, की लेखन-वाचनासाठी सेक्रेटरीचे साहाय्य घ्यावे लागे.

लायेलचे हे चित्र अधिक उजळ करण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याने डार्विनचे सारेच मान्य केले असे नाही. मानवी मनाची उत्पत्ती केवळ नैसर्गिक निवडीने झाली असेल, यावर त्याचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. आणि गंमत अशी, की उपपत्तीचा सहजनक वॉलेस यानेही १८६९ साली, लायेलच्याच ग्रंथाचे परीक्षण लिहिताना, तशीच शंका प्रकट केली. शिवाय त्या काळी उत्क्रांतिवादावर घेतले जाणारे सर्वच आक्षेप पोकळ नव्हते. आनुवंशिकतेचा नियम डार्विनला ठाऊक नव्हता. तेव्हा घाईने मत बदलणे हाही काही गुण नव्हे. गुण आहे तो प्रश्न उघडा ठेवण्यात.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहू. लुई अ‍ॅगासी हा स्वित्झर्लंडचा निसर्गशास्त्रज्ञ १८०७ साली जन्मला, म्हणजे लायेलहून तो दहा वर्षांनी लहान. १८३७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने नशाटेल येथील सभेत सांगितले, की एके काळी युरोपचा फार मोठा भाग बर्फाच्या थरांखाली झाकलेला होता. सभेतील वडीलधारे क्षुब्ध झाले. त्याचा हितकर्ता हुंबोल्ट याने त्याला हा नाद सोडून माशांच्या अवशेषांच्या अभ्यासाकडे परत वळण्याचा सल्ला दिला. अ‍ॅगासीने तो मानला नाही, हिमनद्यांवर राहून पुरावा गोळा केला, आणि अखेर तोच खरा ठरला. खुद्द लायेल या हिमयुगाच्या बाबतीत आधी हो म्हणाला, नंतर माघारी फिरला आणि पुष्कळ वर्षे पाण्यावर तरंगणाऱ्या हिमखंडांच्या कल्पनेला चिकटून राहिला. म्हणजे त्या वादात नव्याचा पुरस्कर्ता अ‍ॅगासी होता आणि जुने न सोडणारा लायेल.

पुढे अ‍ॅगासी अमेरिकेत गेला, हार्वर्ड येथे प्राध्यापक झाला, १८५९ साली त्याने तेथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभारले. देशभर त्याचे नाव झाले. प्रत्येक जीवजाती हा ईश्वराच्या मनातील एक स्वतंत्र विचार आहे, ही त्याची श्रद्धा होती आणि तिच्यावरच त्याचे सारे वर्गीकरण रचलेले होते. डार्विनचा ग्रंथ आला तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. त्याने तो साफ नाकारला. १८७२ साली तो एका जहाजातून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून गालापागोस बेटांकडे गेला. डार्विनच्या सिद्धांताचा नव्याने, मोकळ्या मनाने विचार करावयाचा, असे त्याने एका मित्राला लिहिलेही होते. डार्विनने जे पाहिले, त्यातील पुष्कळ त्याने त्याच ठिकाणी पाहिले, आणि गेला तसाच परत आला. १८७३ च्या डिसेंबरात तो वारला. त्याच्या मृत्यूनंतर छापला गेलेला त्याचा अखेरचा लेखही जीवजातींच्या स्थिरतेचेच समर्थन करणारा होता. त्याचे बहुतेक शिष्य तोवर दुसऱ्या बाजूला गेले होते. ज्या धैर्याने त्याने तिशीत वडीलधाऱ्यांना तोंड दिले, ते धैर्य त्याच्या ठिकाणी नंतरही होते. फक्त ते आता नव्याच्या शोधासाठी नव्हे, तर असलेल्या मताच्या रक्षणासाठी खर्च होत होते.

एखाद्याला वाटेल, की अ‍ॅगासीच्या आड त्याची धर्मश्रद्धा आली. गणिताच्या कठोर शिस्तीत वाढलेल्या मनाला हा धोका नाही. लॉर्ड केल्व्हिनचा इतिहास याला उत्तर देतो. १८६२ साली त्याने पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय गणिताने काढले. ते २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान आले. गणितात चूक नव्हती. पण त्यात एक गृहीत होते: पृथ्वीच्या पोटातील उष्णता केवळ घन पदार्थातून वहनाने बाहेर पडते. १८९५ साली जॉन पेरी या त्याच्याच एका जुन्या साहाय्यकाने दाखवून दिले, की हे गृहीत बदलले आणि अंतर्भागातून उष्णता अधिक सहजतेने वाहते असे मानले, तर हेच गणित २०० ते ३०० कोटी वर्षांपर्यंत जाते. पेरीने मोठ्या आदराने, जवळजवळ क्षमा मागत, हा आक्षेप मांडला होता. केल्व्हिनने दोनच वर्षांनी आपला अंदाज आणखी आकुंचित केला: २ ते ४ कोटी!

१९०४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ३२ वर्षांचा रदरफोर्ड किरणोत्सर्गावर व्याख्यान देण्यास उभा राहिला, तेव्हा समोर श्रोत्यांत ७९ वर्षांचे केल्व्हिन बसलेले होते. रेडियमसारख्या द्रव्यांतून उष्णता सतत निर्माण होते, हे तोवर सिद्ध झाले होते. रदरफोर्डने मोठ्या चातुर्याने सांगितले, की उष्णतेचा नवा उगम सापडला नाही तर, अशी अट लॉर्ड केल्व्हिन यांनी आधीच घातली होती. ते भाकीतच आज खरे ठरत आहे. वृद्ध केल्व्हिन प्रसन्न झाले, असे रदरफोर्डने पुढे सांगितले. तरीही १९०६ साली अणूच्या अंतरंगातून ही शक्ती येते हे ते जाहीरपणे नाकारीतच होते. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. या प्रकरणातील बोध असा, की सुखाची समजूत नेहमी भाबडी असते असे नाही. ती काटेकोर गणिताच्या रूपानेही मनात वस्ती करते. ज्या गृहीतावर आपण उभे असतो, ते पायाखाली असल्यामुळेच दिसत नाही.

पदार्थविज्ञानात क्रांती घडविणाऱ्या माक्स प्लांकने आयुष्याच्या अखेरीस खेदाने लिहिले, की नवे सत्य विरोधकांचे मन वळवून जिंकत नाही. विरोधक एकेक करून मरतात आणि नवी पिढी त्या सत्याच्या सहवासातच वाढते. आपल्या ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणीचाच हा शास्त्रीय अवतार म्हणावयाचा. परंतु म्हण आणि थोर पुरुषाचा अनुभव यांचीही परीक्षा व्हावयास हवी, आणि ती झाली. १९७८ साली डेव्हिड हल व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी डार्विनच्या काळातील ब्रिटिश शास्त्रज्ञांची वये आणि त्यांनी उत्क्रांतिवाद केव्हा स्वीकारला याची वर्षे ताडून पाहिली. वृद्धांचा कल किंचित विरोधाकडे होता खरा. पण मत स्वीकारण्यास लागलेल्या कालावधीतील फरकाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग वयाने उलगडत होता. म्हणजे आपण ज्याला वयाचा दोष समजतो, त्याचे मूळ बहुतांशी अन्यत्र आहे.

ते कोठे असावे? लायेलच्या चरित्रात मला तीन सवयी दिसतात. पहिली, तो आपला ग्रंथ कधीच पूर्ण झाला असे मानीत नसे. त्याच्या हयातीत त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या आणि १८७५ साली तो वारला तेव्हा तो बाराव्या आवृत्तीवर काम करीत होता. दुसरी, वार्ता कानावर आली, की तो स्वतः जाऊन पाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जे आपल्याशी सहमत नाहीत अशांची मैत्री त्याने सोडली नाही. याला डार्विनची एक सवय जोडावीशी वाटते. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आढळली, की तो ती तत्काळ लिहून ठेवी. कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, हे त्याने ओळखले होते. या चारांपैकी एकाही सवयीला तारुण्य लागत नाही, असामान्य प्रतिभाही लागत नाही.

अ‍ॅगासीजवळ बुद्धी कमी नव्हती, केल्व्हिनजवळ तर नव्हतीच. परंतु अ‍ॅगासीचे मत संग्रहालयाच्या भिंतींत बांधले गेले होते आणि केल्व्हिनचे त्याच्या कीर्तीत. मत बदलणे म्हणजे घर पाडणे, अशी अवस्था आली, की मनुष्य मताचा धनी राहत नाही, त्याचा पहारेकरी होतो. आपण सामान्य माणसे संग्रहालये उभारीत नाही. पण मुलांविषयी, शेजाऱ्यांविषयी, आपल्या जातीविषयी, देशाविषयी व काळाविषयी लहान लहान भिंती आपणही उभारतो. पन्नाशी उलटली, की त्यांच्या आत बरे वाटू लागते. तरुण मूल एखादा प्रश्न विचारते आणि आपल्या तोंडून उत्तराऐवजी ‘तुला अजून कळायचे आहे’ असे वाक्य निघते. ते मूल पुन्हा तो प्रश्न आपल्यापाशी घेऊन येत नाही. हा तोटा त्याचा नसतो.

लायेलने ५८ व्या वर्षी एक कोरी वही उघडली होती. ती भरून तिचे फळ हाती यावयास बारा-तेरा वर्षे लागली, आणि तेही पुरते हाती आले नाही. तरीही डार्विनने त्याला जगण्याची परवानगी आनंदाने दिली असणार. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात असा एखादा प्रश्न असतो, की ज्याचा निकाल आपण फार पूर्वी देऊन ठेवला आहे. त्याच्यासाठी एक वही आणावी, पहिल्या पानावर तारीख घालावी आणि आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी पहिली गोष्ट तिच्यात लिहावी. साठी तिच्या वेळेला येईलच; बुद्धी नाठी व्हावी की नाही, ते पुष्कळसे आपल्या हाती आहे.